नळ बसला, पाणी आलं का?



आज पाण्याचं बोलायचं आहे. पाणी कुठून आणि कसं आणायचं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आपल्या माना आणि कंबरा ते सांगतात. आज बोलायचं ते असं, की गावात पाण्याची योजना झाली, शौचालयं झाली, तर ती खरंच झाली का हे ओळखायचं कसं. कागदावर याला 'मूल्यमापन' म्हणतात. शब्द जड आहे, काम तेवढं जड नाही.

आधी माझीच चूक सांगते. मी ज्या गावांतले बचत गट बघते, त्यातल्या एका गावात सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. जलजीवन मिशनमधलं पाण्याचं काम पूर्ण झालं होतं. घरोघर नळ बसले होते. आता ग्रामसभेनं ठराव करायचा होता, की आमचं गाव 'हर घर जल' झालं. हा ठराव म्हणजे नुसता उपचार नव्हे. या मिशनमध्ये खातं आधी 'काम झालं' असं कळवतं, आणि मग गावानं ग्रामसभेत 'होय, आमच्या प्रत्येक घराला पाणी मिळतं' असं म्हटलं की गाव प्रमाणित होतं. म्हणजे शेवटचा शब्द आपला. त्या दिवशी सकाळी सगळीकडे नळाला धो धो पाणी आलं होतं. बायका खुशीत होत्या. दोघी-तिघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "करा की हात वर, चांगलंच झालंय." सगळे हात वर झाले.

एप्रिलच्या बैठकीला खालच्या वस्तीवरच्या बायका तासभर उशिरा आल्या. मी उशिराचा दंड लिहायला पेन काढलं, तेवढ्यात त्यांच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "ताई, तुमच्या सांगण्यावरनं हात वर केला व्हता. आता त्योच हात हापशावर हाय."

मी पेन खाली ठेवलं. लक्षात घ्या, गावाचं पाणी बंद झालं नव्हतं. वरच्या आळीला येत होतं. प्रत्येक घरात जोडणी होती, हेही खरं होतं. कागदावर एकही आकडा खोटा नव्हता, आणि तरी आजी हापशावर होत्या. मी जानेवारीत चुकीचा प्रश्न विचारला होता, किंवा खरं म्हणजे काहीच विचारलं नव्हतं.

आपल्या गटाला बँकेचं कर्ज हवं असतं तेव्हा बँकेचे साहेब काय विचारतात ते आठवा. "गट स्थापन झाला का? बरं, झाला ना, मग घ्या पैसे," असं म्हणून ते कधी गेलेत का? ते रजिस्टर उघडायला लावतात. बैठका नियमित झाल्या का, बचत सगळ्यांनी भरली का, अंतर्गत कर्ज सगळ्यांना मिळालं की अध्यक्ष-सचिवांच्या घरातच फिरलं, परतफेड वेळेवर आहे का, हिशोब लिहिलाय का. ही पंचसूत्री आपल्याला झोपेतसुद्धा पाठ आहे. गट झाला याला बँक किंमत देत नाही, गट चालतो का ते बघते. वीस-तीस हजारांसाठी आपली एवढी झडती होते. आणि लाखो रुपयांची पाण्याची योजना गावात आली की आपण विचारतो, "झाली का?" आणि टाळ्या वाजवतो.

गावातल्या टाकीपाशी योजनेचा फलक असतो, तो एकदा सावकाश वाचा. योजनेचं नाव, मंजूर रक्कम, टाकी किती लिटरची, पाइपलाइन किती मीटर, जोडण्या किती. हे सगळं लिहायलाच हवं, तो पैशाचा हिशोब आहे. पण स्वयंपाकाशी ताडून बघा. बाजारातून भाजी आणली. ती शिजवली. ताटात वाढली. पोरानं खाल्ली. आणि अंगी लागली. या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्या आईला शिकवावं लागत नाही. योजनेला पैसा आला म्हणजे भाजी आणली. विहीर, टाकी, पाइप, नळ झाले म्हणजे शिजवली. घरात पाणी पडलं म्हणजे ताटात वाढली. ते पाणी घरातल्या सगळ्यांनी प्यायला, हात धुवायला, शौचाला वापरलं म्हणजे खाल्ली. आणि बाईचा वेळ वाचला, पोरांची हगवण कमी झाली, तर अंगी लागली. फलक दुसऱ्या पायरीवर संपतो. आमची ग्रामसभाही तिथेच थांबली होती.

आता कुणी म्हणेल, अंगी लागलं की नाही हे कोण मोजत बसतं? मोजलंय, आपल्याच महाराष्ट्रात मोजलंय, आणि ते ज्या तऱ्हेनं मोजलं ते थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे.

२००३ मध्ये आपल्या राज्यात जागतिक बँकेच्या कर्जातून 'जलस्वराज्य' प्रकल्प सुरू झाला. त्याच सुमाराला आपल्या जिल्ह्यात, पुणे जिल्ह्यात आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जर्मनीच्या मदतीनं 'आपले पाणी' हा तशाच धर्तीचा कार्यक्रम चालला. आपल्यातल्या जुन्या बायकांना तो आठवत असेल. जलस्वराज्यची रीत अशी होती, की पाणी सरकारनं आणून द्यायचं नाही, गावानं मागायचं. गावानं अर्ज करायचा, ग्रामसभेत ठरवायचं, खर्चाचा साधारण दहावा हिस्सा लोकवर्गणीतून उभा करायचा, आणि काम आणि पैसा गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीनं सांभाळायचा. त्या समितीत निम्म्या बायका. आज जलजीवन मिशनमध्ये आपण जी समिती बघतो, तिची चाल साधारण तीच.

मग याचा उपयोग झाला का, हे कसं ठरवणार? पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो. योजनेच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते बघायचं. पण समजा, दुष्काळी वर्षात योजना सुरू झाली आणि पुढची दोन वर्षं पाऊस चांगला झाला. विहिरी भरल्या, हंडे कमी झाले. श्रेय पाइपचं की पावसाचं? दुसरा मार्ग, योजना झालेलं गाव आणि न झालेलं गाव शेजारी-शेजारी ठेवून बघायचं. त्यातही एक मेख आहे. अर्ज कोण करतं? ज्या गावात आधीच एकी आहे, वर्गणी गोळा होते, तेच गाव. चांगल्या गटाला कर्ज दिलं आणि तो गट पुढे गेला, तर तो कर्जामुळे गेला की मुळातच चांगला होता? आपल्यालाही असंच कोडं पडतं ना.

यावरचा उपाय शेतकऱ्याला माहीत असतो. नवं खत लागू पडतं का हे बघायचं, तर एकाच शिवारातली, सारख्या जमिनीची दोन वावरं घ्यायची. एकात खत घालायचं, एकात नाही. आणि दोन्हींचं आदल्या वर्षीचं उत्पन्नसुद्धा लिहून ठेवायचं. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. खत न घातलेल्या वावरात जी वाढ दिसली, ती पावसाची. खत घातलेल्या वावरात त्याहून जेवढी जास्त दिसली, तेवढीच खताची. बस, एवढंच. मोठमोठे अभ्यासक याला मोठं नाव देतात, पण आत वावराचाच हिशोब असतो.

जलस्वराज्यचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच केलं. बुलढाणा, नाशिक, सांगली आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, अशा चार जिल्ह्यांतली २४२ गावं घेतली. काही योजनेतली, काही योजनेबाहेरची, पण एकमेकांशी शक्य तेवढी मिळतीजुळती. त्यांतल्या साधारण ९,५०० घरांत जाऊन २००५ मध्ये विचारलं आणि पुन्हा २००७ मध्ये विचारलं. तेही उन्हाळ्यात वेगळं आणि पावसाळ्यात वेगळं. प्रश्न काय होते बघा. पाणी आणायला किती वेळ जातो. शौचाला जाऊन यायला किती वेळ जातो. पाणी गाळायला, उकळायला, औषध टाकायला, साठवायला किती खर्च येतो. आजारपणात दवाखान्याला किती गेले, मजुरी किती बुडाली, आणि आजाऱ्याजवळ बसणाऱ्या माणसाचं किती नुकसान झालं. आजाऱ्याजवळ बसणारं माणूस म्हणजे घरातलं कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपलं ते उशाशी बसणं कुणीतरी रुपयांत मांडलं, याचंच मला पहिल्यांदा अप्रूप वाटलं होतं.

निकाल २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. योजनेच्या गावांत नळाचं पाणी वापरणारी आणि घरचं शौचालय वापरणारी घरं सरासरी दहा टक्क्यांनी वाढली होती. पाणी आणि शौचापायी जो वेळ आणि पैसा जातो, त्यात एका घराची महिन्याला सात डॉलरपर्यंत बचत होऊ शकत होती. तेव्हाच्या भावानं ते पावणेतीनशे रुपयांच्या आसपास जातात, म्हणजे घराच्या रोख खर्चाचा विसावा भाग. आणि हा फायदा गरीब, मागे ठेवलेल्या घरांना जास्त झाला. हे वाचून बरं वाटतं.

पण पुढची ओळ अशी, की आजारपणाच्या खर्चात योजनेमुळे घट झाली नाही. आणि स्वच्छतेच्या सवयीही बदलल्या नव्हत्या.

याचं कारण मला आपल्या स्वयंपाकघरात दिसतं. नळाला पाणी चार दिवसांनी येतं, म्हणून आपण ते टिपाडात, माठात, हंड्यात भरून ठेवतो. त्यात पोरगं बाहेरून येऊन तांब्या बुडवतं, बोटांसकट. लांब दांड्याचं ओगराळं घरात असतं, पण ते खुंटीला असतं. नळातून चांगलं आलेलं पाणी माठात बिघडतं. शौचालयाचंही तसंच. दहा घरांपैकी चार घरांनी वापरलं आणि सहा घरं ओढ्याकाठी गेली, तर माशी घरं निवडून बसत नाही. ओडिशात पुरी जिल्ह्यात शंभर गावांचा एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत मोहीम चालली तिथे शौचालयं असलेली घरं शंभरातली नऊ होती, ती त्रेसष्ट झाली. केवढी मोठी उडी! तरीही मुलांची हगवण कमी झालेली दिसली नाही. उरलेली घरं होतीच, आणि शौचालय बांधलेल्या घरांतलीसुद्धा सगळी माणसं ते वापरत नव्हती.

हे ऐकून "मग नळ कशाला, शौचालय कशाला" असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. आजार कमी झाला तरच योजना यशस्वी आणि बाईचा वेळ वाचला तर ते किरकोळ, हे कुणी ठरवलं? जगभर पाण्याची स्थिती मोजताना एक रेष धरतात. जाऊन-येऊन, रांगेसकट, अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, तर पाणी चांगल्या ठिकाणचं असलं तरी ती सेवा अपुरी मानतात. म्हणजे आपला अर्धा तास जगाच्या मोजमापात आहे. आपल्या गावच्या इतिवृत्तात मात्र तो कधी लिहिलेला मला दिसला नाही.

तर आता आपल्या गावात काय मोजायचं? आम्ही त्या गावात मे महिन्यात जे केलं ते सांगते. त्याला लागलं एक रजिस्टर, एक मोबाइल आणि पंधरा लिटरची एक बादली.

पहिली गोष्ट, सुरुवात टाकीजवळच्या घरापासून करायची नाही. पाहुणे साहेब आले की त्यांना टाकीजवळचाच नळ दाखवतात. आपण पाइपलाइनच्या शेवटच्या घरापासून सुरुवात करायची. शेवटच्या घराला मिळालं तर मधल्यांना मिळालंच. सरासरी काढायची नाही. वरच्या आळीला भरपूर आणि खालच्या वस्तीला ठणठणाट, यांची सरासरी छान येते, पण सरासरीनं कुणाचा माठ भरत नाही.

दुसरी गोष्ट, मे महिना. पावसाळ्यात केलेलं मूल्यमापन म्हणजे लग्नातल्या पंगतीत बसून घरची भूक मोजणं.

मग बादली. जलजीवन मिशनचं वचन माणशी रोज ५५ लिटरचं आहे. घरात पाच माणसं असतील तर २७५ लिटर, म्हणजे दोनशे लिटरचं एक टिपाड आणि वर पाच बादल्या. हे रोजचं. पाणी चार दिवसांनी येत असेल तर त्या एका दिवशी ११०० लिटर आलं पाहिजे, म्हणजे साडेपाच टिपाडं. आता नळाखाली बादली ठेवायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. वरच्या आळीत बादली दीड मिनिटात भरत होती. म्हणजे मिनिटाला दहा लिटर. खालच्या शेवटच्या घरात तीच बादली भरायला पाच मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला तीन लिटर. पाणी सुटतं एक तास. साठ मिनिटांत झालं १८० लिटर. ते चार दिवस आणि पाच माणसं. भागाकार घरच्या सातवीतल्या पोरीनं केला. माणशी रोज नऊ लिटर. पिणं, रांधणं, भांडी, धुणं, अंघोळ, शौच, आणि गोठ्यात शेळी असेल तर तीही, नऊ लिटरमध्ये. ती पोरगी म्हणाली, "मॅडम, माझं चुकलं का?" नव्हतं चुकलं.

आजींच्या हापशावर पहाटेची रांगही आम्ही लिहिली. कोण किती वाजता गेलं, किती वाजता परत आलं. हे लिहायला कुणाचा विरोध नव्हता, पण आधी सगळ्या हसल्या. "यात काय लिहायचं?" रोजचंच आहे म्हणून ते कुणाला दिसतच नाही.

पाणी चांगलं आहे का, हेसुद्धा नुसतं बघून कळत नाही. मिशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं आणि तपासणी संच द्यायचा. आपल्या गावच्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. कधी कधी त्या पाच जणींनाच माहीत नसतं की आपण त्या पाच जणी आहोत. आणि संच कपाटात असतो, सील न फोडता. त्यात नायट्रेट, फ्लोराइड, क्षार असं बघता येतं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. उकिरडा आणि युरिया विहिरीजवळ असला तर ते वाढतं. जंतूंसाठी एक छोटी बाटली येते, तिला एच टू एस बाटली म्हणतात. पाणी भरून ठेवायचं. दिवस-दोन दिवसांत ते काळं पडलं तर त्यात विष्ठेची घाण मिसळल्याची शक्यता मोठी. आणि टीसीएल पावडर खरोखर टाकली का, ते ओटी चाचणीत कळतं. थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं, म्हणजे क्लोरीन आहे. ही चाचणीसुद्धा टाकीवर करून थांबायचं नाही. शेवटच्या नळाला करायची. टाकीत असलेलं क्लोरीन फुटक्या पाइपातून आणि गटारातून शेवटच्या घरी पोचेपर्यंत संपून जातं.

शिवाय आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या पाण्याच्या ठिकाणांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. सलग पाच वर्षं साथ आली नाही तर चंदेरी. तुमच्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे? साडीचा रंग आपण वर्षभर लक्षात ठेवतो, हाही ठेवा.

शौचालयाचं मोजणं नाजूक आहे. दोन ऑक्टोबर २०१९ ला देशातला ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. बारा हजार रुपयांच्या अनुदानातून बांधलेली शौचालयं आपल्या डोळ्यांसमोर आहेत, काहींत कडबा आहे, काहींत गोवऱ्या. "वापरता का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. म्हणून आम्ही विचारत नाही, बघतो. दाराशी पाणी आणि मग आहे का, पायवाट रुळलेली आहे का, भांडं ओलं आहे का. आणि एक प्रश्न मात्र विचारतो: शौचालयाचं पाणी कोण आणतं? एका वापराला निदान दोन-तीन तांबे, घरात पाच माणसं, दिवसभरात एक-दोन बादल्या सहज. नळाला पाणी नसेल तर त्या बादल्या बाईच आणते. मग ती घरातल्या पुरुषांना म्हणते, "तुम्ही जा बाहेर." पाणी आणि शौचालय अशा दोन योजनांचे दोन वेगळे कागद होतात, पण बाईच्या कमरेवर त्या एकच असतात.

राहिला प्रश्न योजना पुढे टिकेल का. हे नळाकडे बघून कळत नाही, विहिरीकडे आणि दप्तराकडे बघून कळतं. ज्या विहिरीतून योजनेचं पाणी उचलतात तिला 'उद्भव' म्हणतात. आपल्या भागात खाली काळा पाषाण. पाणी मुरतं थोडं आणि संपतं लवकर. उद्भवाच्या शेजारी कुणी खोल बोअर घेतला तर गावाची विहीर कोरडी पडते. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, हा कायदा आपल्या राज्यात १९९३ पासून आहे. तो किती जणांना माहीत आहे ते विचारूनच बघा. दुसरं, मोटारीचं वीजबिल. ते पाणीपट्टीतून भागायला हवं. पाणीपट्टी थकली की बिल थकतं, बिल थकलं की वीज तोडतात, आणि मग नवा कोरा नळ शोभेचा होतो. आपल्या शहराजवळचं पाटोदा सगळ्यांना माहीत आहे. माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या काळात तिथे ठरलं, की ग्रामपंचायतीचा कर भरणाऱ्या घराला दळण फुकट. पिठाच्या गिरणीतून कर वसुली! आमच्या गटातल्या बायका तिथे जाऊन आल्या, आणि नळांपेक्षा त्या गिरणीचंच कौतुक करत बसल्या. मला वाटतं त्यांनी बरोबर गोष्ट हेरली.

परत आमच्या गावाकडे येते. आठ दिवस रजिस्टर लिहिल्यावर खालच्या वस्तीला पाणी का पोचत नाही, हे कळलं. विहिरीला पाणी कमी होतं, ते एक. वस्तीला वेगळा व्हॉल्व्ह नव्हता, ते दुसरं. आणि तिसरं, वरच्या आळीतल्या पाच घरांनी नळाला थेट मोटारी लावल्या होत्या. पाणी सुटलं की मोटार चालू. खालच्यांचं पाणी त्या ओढून घेत होत्या. ती पाच घरं आमच्याच गटातल्या बायकांची होती. त्या दिवशीची बैठक मी विसरणार नाही. ठेकेदाराच्या, पंचायतीच्या नावानं बोटं मोडायला आम्ही जमलो होतो, आणि रजिस्टरानं बोट आमच्याकडेच केलं. एकीनं सरळ विचारलं, "मग आमी बी चार दिसांनीच भरतो, आमी काय करावं?" तिचंही खोटं नव्हतं. नळाला पाणी कमी, म्हणून मोटार. मोटार, म्हणून नळाला पाणी कमी.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे आपल्याला माहीत आहे. पंधरा ऑगस्टच्या आधी ती झाली. तोपर्यंत पाऊस पडला होता, विहीर भरली होती, खालच्या वस्तीलाही पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत हा विषय निघाला, तर समोरून उत्तर आलं, "आता कुठे अडचण आहे? पाणी तर येतंय." मग आजी उठल्या. त्यांनी मे महिन्याचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. आजींना वाचता येत नाही, पण कुठल्या पानावर त्यांचा नळ आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे मे महिन्यातलं. वाचा."

अर्धा तास वाद झाला. शेवटी ठराव लिहिला गेला. वस्तीसाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवायचा, नळावरच्या मोटारी काढायच्या, आणि दरवर्षी मे महिन्यात बचत गटांनी शेवटच्या घरातलं पाणी मोजून ग्रामसभेपुढे मांडायचं. इतिवृत्तात 'माणशी नऊ लिटर' हे शब्द तसेच लिहून घेतले.

व्हॉल्व्ह अजून बसलेला नाही, पण पाठपुरावा चालू आहे. पाचपैकी चार मोटारी निघाल्या. पाचवी अजून आहे. ती आमच्या गटाच्या सचिव ताईंच्या घरची आहे, आणि येत्या बैठकीत विषय क्रमांक एक तोच आहे.